रिमफायर पिस्तूल आणि त्याचें म्यान : निवडीच्या नियमांचा इतिहास

इ. स. १८५७ ह्या वर्षाचा आणि काडतुसाचा संबंध आमच्या वाचकांस निराळा सांगावयास नको. एन्फील्ड बंदुकीचें कागदी काडतूस दांतांनीं फोडावें लागे. त्यास लावलेल्या चरबीविषयीं शिपायांच्या मनांत संशय उत्पन्न झाला, आणि ता. १० मे रोजीं मीरत येथें भडका उडाला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं, स्प्रिंगफील्ड गांवीं, होरेस स्मिथ व डॅनिएल वेसन ह्या दोघां कारागिरांनीं फिरत्या कोठीचें एक लहानसें पिस्तूल तयार केलें. त्याचें काडतूस धातूचें होतें. तें दांतांनीं फोडावयाचें नव्हतें, गजानें ठासावयाचें नव्हतें, कीं त्यावर निराळी रंजक घालावयाची नव्हती. गोळी, दारू आणि रंजक हीं तिन्ही एकाच नळकांड्यांत बंद होतीं. एका काडतुसानें इकडे राज्य हालविलें. दुसऱ्यानें तिकडे शस्त्रांची सारी घडणच बदलून टाकली.

ह्या दुसऱ्या काडतुसाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यास कारणें दोन. पहिलें असें कीं, जुन्या घराण्यांच्या दप्तरांबरोबर कधीं कधीं अशीं लहान पिस्तुलेंही बाहेर येतात व त्यांविषयीं नाना दंतकथा सांगितल्या जातात. दुसरें असें कीं, हल्लीं त्याच घरांतील तरुण मुलेंमुली नेमबाजीच्या स्पर्धांस जाऊं लागलीं आहेत. आणि कोणतें पिस्तूल घ्यावें, त्यास म्यान कसें असावें, आजोबांचें पिस्तूल चालेल काय, असे प्रश्न वडील मंडळींस विचारले जातात. ह्या प्रश्नांचीं उत्तरें दुकानदाराच्या यादींत नाहींत. तीं त्या शस्त्राच्या इतिहासांत आहेत, असें आमचें मत आहे. तें पुढें क्रमानें मांडतों.

(१) रंजक कांठांत कशी आली

काडतूस व पिस्तूल हे दोन्ही शब्द मराठींत पोर्तुगीजांकडून आले असें सामान्यतः मानतात. शब्द आले तेव्हां वस्तु मात्र आजची नव्हती. तोड्याच्या बंदुकीस जळता तोडा लागे व कानावर रंजक घालावी लागे. चकमकी बंदुकींत तोडा गेला, पण रंजक राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत टोपीची बंदूक आली. तिच्यांत पाऱ्याच्या फल्मिनेटाची लहानशी तांब्याची टोपी कानावर बसवीत आणि घोड्याच्या आघातानें ती पेटे. तरीही दारू व गोळी तोंडाकडून ठासण्याचा त्रास कायमच होता.

इ. स. १८४५ च्या सुमारास पॅरिस येथील लुई-निकोला फ्लोबेर ह्या बंदूक-कारागिरानें ह्या टोपीसच एक लहान गोळी बसविली व टोपीस मागील बाजूस कांठ काढला. निराळी दारू त्यांत नव्हतीच. टोपींतील स्फोटक द्रव्याच्या जोरावरच गोळी जाई. दिवाणखान्यांत बसून करमणुकीखातर नेम मारावयाचा, एवढाच त्याचा उपयोग. म्हणजे रिमफायरचा जन्म रणांगणावर झाला नसून बैठकीच्या खोलींत झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

स्मिथ व वेसन ह्यांनीं फ्लोबेरची कल्पना पुढें नेली. नळकांडें लांबविलें, त्यांत काळी दारू भरली, आणि स्फोटक द्रव्य मागील कांठाच्या पोकळ घडींत बसविलें. घोडा त्या कांठावर आपटला कीं घडी चेपते, द्रव्य पेटतें आणि बार होतो. इंग्रजींत कांठास रिम म्हणतात. त्यावरून रिमफायर हें नांव पडलें. आपल्या जुन्या भाषेंत बोलावयाचें तर रंजक कानावरून उठून कांठांत जाऊन बसली. ज्या काडतुसांत ती बुडाच्या मध्यभागीं असते त्यास सेंटरफायर म्हणतात.

कोठी मागून पुढें आरपार पोखरलेली असल्यावांचून असें काडतूस तींत घालतां येत नसे. त्या युक्तीचें पेटंट रॉलिन व्हाइट ह्या गृहस्थानें १८५५ त मिळविलें होतें. स्मिथ व वेसन ह्यांनीं दर पिस्तुलामागें २५ सेंट देण्याच्या करारानें तो हक्क घेतला. पेटंटाची मुदत १८६९ त संपली, आणि त्यानंतर स्वस्त रिमफायर पिस्तुलांचा अमेरिकेंत सुळसुळाट झाला.

संग्राहकांस येथें कालनिर्णयाचें एक साधन मिळतें. पहिल्या नमुन्याचें हें सात बारी पिस्तूल तीन आवृत्त्यांत निघालें. पहिल्या दोहोंत कोठी गुळगुळीत व नळी अष्टकोनी आहे. तिसरी १८६८ पासूनची. तिच्यांत कोठीवर पन्हळी आहेत, नळी गोल आहे व मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली आहे. तिन्हींत चापाभोंवतीं संरक्षक कडें नाहीं; चाप म्हणजे एका कोंबांतून डोकावणारी खुंटी होय. तेव्हां असें पिस्तूल दाखवून ‘हें मीरतेच्या उठावांत चाललें’ असें कोणी सांगेल तर तें मान्य करतां येणार नाहीं. कारण मे महिन्यांत तें पिस्तूल बाजारांत आलेंच नव्हतें. पन्हळीच्या कोठीचें असेल तर त्या धामधुमीनंतर निदान दहा वर्षांनीं तें बनलेलें आहे. घराण्याची आख्यायिका खोटी ठरली म्हणून वस्तूचें मोल कमी होत नाहीं. उलट तिची खरी तारीख कळली म्हणजे तें वाढतेंच.

(२) कांठाची मर्यादा

ज्या कांठामुळें हें काडतूस सुटसुटीत झालें त्याच कांठानें त्यास मर्यादाही घातली. आघातानें चेपला पाहिजे म्हणून कांठाचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पत्रा पातळ म्हणून त्यांत दारूचा फार दाब सहन होत नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत (१८६१–६५) हेन्री व स्पेन्सर ह्यांच्या मोठ्या तोंडाच्या रिमफायर बंदुका नांवाजल्या खऱ्या. पण पुढें दारूचा जोर वाढला तसा जाड बुडाच्या सेंटरफायर काडतुसानें त्यांस मागें सारलें. मोठीं रिमफायरें बहुतेक नाहींशीं झालीं. उरलें तें मुख्यतः .२२ इंचाचें, म्हणजे ज्यास मोठा दाब लागतच नव्हता तें. १८८७ त स्टीव्हन्स कंपनीनें ४० ग्रेन वजनाच्या गोळीचें ‘.२२ लाँग रायफल’ हें काडतूस काढलें. नांवांत रायफल असलें तरी पिस्तुलांतही तेंच चालतें, आणि आजच्या स्पर्धांचें मुख्य रिमफायर काडतूस तेंच आहे. धक्का थोडा, आवाज बेताचा, किंमत कमी. शिकाऊ हातास ह्याहून योग्य दुसरें नाहीं.

ह्या मर्यादेंतूनच सुरक्षिततेचे कांहीं नियम निघतात. रिकाम्या रिमफायर पिस्तुलाचा चाप उगीच ओढूं नये, असें जुने नेमबाज सांगत आले आहेत. सेंटरफायरमध्यें पिन मध्यभागीं पोकळींत जाते. रिमफायरमध्यें ती काडतुसाच्या घराच्या पोलादी कडेवर आपटूं शकते, आणि ती कड चेपली कीं काडतूस नीट बसत नाहीं वा निघत नाहीं. पुष्कळ अलीकडील पिस्तुलांत पिनीस अडसर घातलेला असतो. तरी कारखान्याच्या पुस्तिकेंत तशी मुभा आहे कीं नाहीं, हें पाहूनच रिकामा सराव करावा.

दुसरें, कांठांत द्रव्य सर्वत्र सारखें पसरलेलें नसलें तर आघात होऊनही बार होत नाहीं. असें झालें असतां नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबावें, मगच पिस्तूल उघडावें; कारण क्वचित् बार उशिरानेंही होतो. बार फुसका झाला व आवाज क्षीण आला तर नळींत गोळी अडकली नाहीं ना, हें पिस्तूल पूर्ण रिकामें करून पाहिल्यावांचून पुढचा बार कदापि करूं नये.

तिसरें, एकाच मापाचें नांव असलेलीं काडतुसें एकच नव्हेत. १९५९ त आलेल्या ‘.२२ मॅग्नम’ काडतुसाचें नळकांडें लाँग रायफलहून जाड असतें. मॅग्नमच्या घरांत लाँग रायफल सैल बसतें, आणि बार केल्यास नळकांडें फाटून तप्त वायु मागें येण्याचा संभव असतो. म्हणून नळीवर कोरलेलें काडतुसाचें नांव व डबीवरचें नांव अक्षरशः जुळलें पाहिजे. लिपि वाचणाऱ्या संशोधकांस हा नियम जड वाटूं नये.

चौथी गोष्ट जोराची. १९३० च्या सुमारास अधिक वेगाचीं .२२ काडतुसें बाजारांत आलीं. जॉन ब्राउनिंग ह्याच्या आराखड्यावरून कोल्ट कंपनीनें १९१५ पासून बनविलेलें, आणि पुढें वुड्समन ह्या नांवानें प्रसिद्ध झालेलें स्वयंचलित पिस्तूल जुन्या सौम्य काडतुसांसाठीं घडविलेलें होतें. नव्या काडतुसांचा धक्का सोसावा म्हणून १९३२ च्या सुमारास त्याच्या मुठीमागील भागांत सुधारणा करावी लागली. सुधारणेपूर्वींचें वुड्समन व नंतरचें वुड्समन बाहेरून जवळजवळ सारखेंच दिसतें. परंतु पहिल्यांत जोरदार काडतूस घालणें म्हणजे तें पिस्तूल हातानें मोडण्यासारखें आहे.

(३) स्पर्धेनें पिस्तुलास दिलेलें रूप

ऑलिंपिक सामन्यांत पिस्तुलाची नेमबाजी १८९६ च्या अथेन्सपासून आहे. १९३६ च्या बर्लिन येथील सामन्यांत जलद नेमबाजीचें सुवर्णपदक कॉर्नेलिउस व्हान ओयेन ह्या जर्मन नेमबाजानें मिळविलें, व त्याच सुमारास वाल्थर कंपनीचें ‘ओलिंपिया’ हें रिमफायर पिस्तूल जगभर गाजलें. ह्या प्रकारांतील सर्वांत विलक्षण कथा हंगेरीच्या कारोली टकाच ह्याची आहे. १९३८ त हातबाँबच्या स्फोटांत त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें नेम धरावयास आरंभ केला आणि १९४८ त लंडन येथें ५८० गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलें; १९५२ त हेल्सिंकी येथें पुन्हां तेंच केलें. हातास न बसणारें पिस्तूल कितीही मोलाचें असलें तरी व्यर्थ, हा धडा ह्या गोष्टींत आहे. निवड हाताची करावयाची, नांवाची नव्हे.

जलद नेमबाजीसाठीं एके काळीं ‘.२२ शॉर्ट’ हें लहान काडतूस व अतिशय हलका चाप वापरीत. २००५ पासून नियम बदलला: काडतूस लाँग रायफल आणि चापाचा ताण निदान १००० ग्रॅम. आज आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर प्रकारांत पिस्तुलाचें वजन १४०० ग्रॅमपेक्षां व नळीची लांबी १५३ मिलिमीटरपेक्षां अधिक चालत नाहीं, आणि सारें पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटींत मावावें लागतें. ह्या आंकड्यांत सुरक्षिततेचा अर्थही आहे. हजार ग्रॅमचा चाप बोटाच्या नुसत्या स्पर्शानें सुटत नाहीं. नवशिक्याचें रक्षण त्यानें होतें. पिस्तूल घेण्यापूर्वीं चाप वजनानें तपासून घ्यावा, व घरच्या घरीं कानस लावून तो हलका करण्याच्या भानगडींत पडूं नये.

हिंदुस्थानांत ह्या खेळास संघटित रूप आलें तें स्वातंत्र्यानंतर. १९५१ त राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचें अध्यक्षपद लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर ह्यांच्याकडे आलें. त्यांच्या नांवाची अखिल भारतीय स्पर्धा नेमबाजांस सुपरिचित आहे. कोल्हापूरकरांनीं तर ह्या काडतुसावर आपली मुद्राच उमटविली आहे. तेजस्विनी सावंत ह्यांनीं २०१० त म्यूनिक येथें ५० मीटर रायफलमध्यें जगज्जेतेपद मिळविलें; राही सरनोबत ह्यांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक आणलें; आणि त्याच जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे ह्यांनीं २०२४ त पॅरिस येथें ५० मीटर रायफलमध्यें कांस्यपदक पटकाविलें. हीं तिन्ही यशें .२२ रिमफायरचीं आहेत.

(४) म्यानाची कथा

पिस्तुलाचें चामडी म्यान, ज्यास आज सर्वत्र होल्स्टर म्हणतात, तें मूळचें स्वाराच्या कमरेचें नव्हे, घोड्याच्या खोगिराचें. लांब नळीचीं जड पिस्तुलें खोगिरास दोहों बाजूंस अडकविलेल्या खोळींत राहत. फिरत्या कोठीचें पिस्तूल आल्यावर म्यान कमरेस आलें, आणि त्यावर ऊनपावसापासून रक्षणाकरितां झांकण आलें. रिमफायर पिस्तुलाचा ह्या परंपरेशीं मुळांत संबंध थोडाच. स्मिथ व वेसनचें तें लहान पिस्तूल खिशांत वा पेटींत राही. त्याच्या उघड्या चापास कमरेचें म्यान सोयीचें नव्हतेंच.

रिमफायर आणि म्यान ह्यांची खरी गांठ विसाव्या शतकाच्या मध्यास पडली. अमेरिकेंत चित्रपट व दूरचित्रवाणी ह्यांवरील गुराख्यांच्या कथा पाहून म्यानांतून झटक्यानें पिस्तूल काढण्याचें वेड पसरलें. रुगर कंपनीचें ‘सिंगल सिक्स’ हें .२२ रिमफायर पिस्तूल १९५३ त निघालें व अशा हौशी लोकांत प्रिय झालें. पिस्तूल पुरतें बाहेर येण्यापूर्वींच चाप ओढला जाऊन स्वतःच्याच पायांत गोळी मारून घेतल्याचे प्रकार त्या वेडांत घडले, आणि पुढें त्या खेळानें खऱ्या गोळ्या सोडून मेणाच्या गोळ्या व कोरे बार स्वीकारले.

ह्या पिस्तुलांत आणखी एक दोष जुन्या पद्धतीबरोबर आलेला होता. घोडा खालीं असतांना त्याची पिन काडतुसाच्या कांठास टेकलेली असे. म्यानांतून निसटून पिस्तूल घोड्यावर पडलें तर बार होऊं शके. म्हणून जाणते लोक घोड्याखालील घर रिकामें ठेवून पांचच काडतुसें भरीत. १९७३ त नव्या नमुन्यांत घोडा व पिन ह्यांमध्यें एक सरकती पट्टी आली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती वर येत नाहीं व आघात पिनीपर्यंत पोंचत नाहीं. जुन्या पिस्तुलांस ही पट्टी विनामूल्य बसवून देण्याची सोय पुढें कंपनीनें केली. परंतु संग्राहक मूळ भाग जपूं पाहतात, त्यामुळें पट्टीविना असलेलीं पिस्तुलें अद्याप हिंडत आहेत. तीं जपावीं, म्यानांत घालून हिंडूं नये.

ह्या अनुभवाचा निष्कर्ष स्पर्धांच्या नियमांत दिसतो. ऑलिंपिक पद्धतीच्या २५ मीटर जलद प्रकारांत म्यान नाहींच. नेमबाज हात ४५ अंश खालीं ठेवून उभा राहतो व लक्ष्य दिसतांच उचलतो. अमेरिकेंत १९८१ त सुरू झालेल्या ‘स्टील चॅलेंज’ ह्या पोलादी लक्ष्यांच्या स्पर्धेंत सेंटरफायर पिस्तूल म्यानांतून काढतात. परंतु रिमफायरवाल्यास म्यानांतून आरंभ करावयाचा नसतो. समोर जमिनीवर ठेवलेल्या खुणेकडे नळी रोखून तो सज्ज राहतो. म्हणजे ज्या वर्गांत मुलें व नवशिके अधिक, त्या वर्गांतून सर्वांत धोक्याची हालचाल नियमानेंच काढून टाकली आहे. ‘रिमफायरसाठीं उत्तम म्यान कोणतें?’ ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर म्हणूनच असें आहे कीं, आपल्या स्पर्धेस म्यान लागतें काय, हें आधीं पाहावें. बहुधा लागत नाहीं. आणि तेथें कुलुपाची कठीण पेटी हेंच खरें म्यान होय.

जेथें म्यान लागतेंच, तेथें चार गोष्टी पाहाव्या. चाप व त्याभोंवतींचें कडें म्यानानें पूर्ण झांकलें पाहिजे. तें त्याच नमुन्याच्या पिस्तुलासाठीं बनविलेलें असावें; दुसऱ्या पिस्तुलाचें सैल म्यान पडण्यास आमंत्रण देतें. तोंड ताठ व उघडें राहावें, म्हणजे पिस्तूल परत ठेवतांना चामड्याची घडी चापाच्या कड्यांत शिरणार नाहीं. आणि पट्टा असा बसावा कीं नळीचें तोंड पायांजवळच्या जमिनीकडे राहील, मागील मनुष्याकडे वळणार नाहीं. पिस्तूल काढतांना जेवढें अवधान हवें त्याहून अधिक तें परत ठेवतांना हवें. कारण तेव्हां घाई नसते, आणि घाई नसते तेव्हांच मन सुटतें.

(५) संग्रह आणि मैदान

आतां मूळ प्रश्न : आजोबांचें पिस्तूल चालेल काय? उत्तर निःसंदिग्धपणें ‘नाहीं’ असें आहे. एकोणिसाव्या शतकांतील रिमफायर पिस्तूल काळ्या दारूच्या सौम्य दाबासाठीं घडविलेलें आहे. आजचें निर्धूर दारूचें .२२ शॉर्ट काडतूस त्याच्या कोठींत कदाचित् बिनतक्रार बसेल; आणि धोका नेमका ह्या बिनतक्रार बसण्यांतच आहे. जुनें काडतूस सांपडलें तर तेंही चालवूं नये, फोडूं नये, व त्याच्या कांठावर टोंच्याने खूण करूं नये. रंजक तेथेंच बसलेली आहे.

कायद्याविषयींही सावध असावें. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतील कलम ४५ अन्वयें कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तु म्हणून मोलाच्या वा नादुरुस्त शस्त्रांस सूट आहे. पण त्याच वाक्यांत दुरुस्तीनें अथवा दुरुस्तीवांचून तें बंदूक म्हणून वापरतां येऊं नये अशी अटही आहे. नुसतें जुनें आहे एवढ्यावर विसंबून न राहतां जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून लेखी निर्णय घ्यावा. नव्या पिस्तुलास तर परवाना लागतोच. तेव्हां नवशिक्यानें प्रथम संघटनेशीं संलग्न अशा मैदानावर शिक्षकाच्या देखरेखीखालीं तेथील पिस्तूल वापरावें, हात बसवावा, आपण कोणत्या प्रकारांत उतरणार हें ठरवावें आणि मग आपलें पिस्तूल घ्यावें. प्रकारावरून नियम, नियमावरून पिस्तूल, आणि पिस्तुलावरून म्यान, हाच निवडीचा क्रम होय. पिस्तूल हातीं घेतलें कीं तें भरलेलेंच आहे असें मानावें. नळीचें तोंड सुरक्षित दिशेस ठेवावें. नेम धरण्यापूर्वीं बोट चापावर नेऊं नये. आणि बार संपल्यावर घर उघडून त्यांत रंगीत सुरक्षा-दोरी घालावी.

असो. एवढ्या विवेचनावरून दिसेल कीं, रिमफायर पिस्तुलाच्या निवडीचे नियम कोणाच्या मर्जीनें झालेले नाहींत. पातळ कांठानें काडतुसाचा जोर ठरविला, जोरानें त्याचें क्षेत्र ठरविलें, आणि त्या क्षेत्रांत झालेल्या अपघातांनीं म्यान दूर केलें. ज्यांच्या संग्रहांत अशीं पिस्तुलें असतील त्यांनीं आवृत्ति, कोठी, नळी, चाप आणि नळीवरील अक्षरें ह्यांची नोंद करून ती दप्तराबरोबर ठेवावी, व नोंदीच्या शेवटीं ‘चालवूं नये’ हे दोन शब्द ठळक लिहावे. पुढील पिढीस पिस्तुलाइतकीच ह्या नोंदीची गरज पडणार आहे.